ताटातला गूळ

आमच्या घरात मला संशयी म्हणतात आणि ते अगदीच खोटं नाही. दूधवाल्याने एखाद्या दिवशी घट्ट दूध दिलं की बाकीचे खूश होतात, मी विचारतो, आजच का दिलं? दुकानदार गोड बोलायला लागला की मी पिशवीतले कांदे उलटेपालटे करून बघतो. आई म्हणते, पोरगा फौजेत गेला धडधाकट आणि आला तो डोळे बारीक करून. तिला काय सांगायचं? ज्या माणसाने माझे डोळे बारीक केले त्याच्याच घरात माझी बहीण द्यायची बोलणी चालली होती, आणि ते कळलेला घरात मी एकटा होतो.

आमचं गाव टोकावड्यापासून आत. भात, थोडी नाचणी, थोडी वरी, आणि ज्याला जमेल त्याने डबा घेऊन मुरबाडच्या कंपनीत जायचं. मी पळायला बरा होतो म्हणून भरतीत निघालो. ट्रेनिंगचं सेंटर इतकं लांब की गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेरच्या पाट्याच वाचता येईनात. तिथं कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. गाण्याबजावण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आमचा उस्ताद बुटका, ताठ, मान वळवायची तर अख्खा वळणारा. तोंडावर मी त्याला सर म्हणायचो, मनातल्या मनात अरेतुरेच चालायचं. तो फक्त हिंदी बोलायचा. तो कुठला, हे कोणाला माहीत नव्हतं. कोणी म्हणायचं हरियाणाचा, कोणी म्हणायचं याला आईबाप नसतील, हा इथल्या भांडारातूनच मिळाला असेल. रंगरुटाने, म्हणजे नव्या भरतीच्या पोराने, उस्तादाच्या डोळ्यात बघायचं नसतं, हा पहिला धडा. समोर बघायचं, नाकाच्या रेषेत. दुसरा धडा जेवणाचा. आम्ही रांगेत बसलो की तो पाठीमागून फिरायचा आणि म्हणायचा, “थाली साफ.” ताटात शीत उरलं तर तेच ताट डोक्यावर धरून मैदानाला फेरी. त्यामुळे पाठीमागून तो आवाज आला की ताटात काय आहे हे न बघता माझा हात तोंडाकडे जायचा. डोक्याला विचारायचाच नाही.

रविवारी फोन करायला मिळायचा. पावसाळ्याचे दिवस होते. बराकीच्या ओट्यावर उभा राहून मी आईला विचारलं, “आवणी झाली का गो?” आमच्याकडे भातलावणीला आवणी म्हणतात. आई म्हणाली, अर्धी झाली, माणसं मिळत नायत. फोन ठेवून वळलो तर उस्ताद मागे उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर भरलेला पिठ्ठू, डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेली बंदूक, आणि मी मैदानात. बाकीचे नाश्ता करून आले तरी मी पळतोच आहे. त्या दिवसापासून रगड्यात माझा नंबर ठरलेला. रगडा म्हणजे शिक्षाच, पण शिक्षेला गुन्हा लागतो, रगड्याला लागत नाही. नळ मोठा सोडून रडलोय मी, खोटं कशाला सांगू.

ट्रेनिंग संपतं तेव्हा कसम परेड होते. त्या दिवशी सगळे उस्ताद बदलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कालपर्यंत आईमाईचा उद्धार करणारी माणसं पोरांच्या आयांच्या पाया पडतात, बापांना मिठाई भरवतात, फोटो काढतात. आमचाही हसत होता. बाकीच्या पोरांना त्याने मिठी मारली, एकाची टोपी नीट केली. माझे आईवडील कापणीमुळे आले नव्हते. मी एकटाच उभा होतो. तो माझ्यापाशी आला, हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेऊन पुढच्याकडे गेला. तेव्हा मी म्हटलं, बाबा, तुझं माझं इथं संपलं, आता परत तोंड बघायचं नाही.

काही वर्षं गेली. मी कापणीच्या दिवसांत सुट्टीवर आलो तर घरात बहिणीच्या स्थळाचं चाललेलं. बहीण मुरबाडला एका दवाखान्यात कामाला. पोरगा शेणव्याचा, शहापूरला औषधांच्या दुकानात. तो, त्याची आई आणि मामा बघून गेले होते. बाप नुकताच नोकरीतून मोकळा झालेला, कागदपत्रांसाठी बाहेरगावी होता म्हणून आला नव्हता. बहिणीने आईला सांगून टाकलं होतं, “मला चालंल.” आमच्याकडे मुलीने एवढं बोलणं म्हणजे पुष्कळ झालं. भाकरी थापताना ती गुणगुणत होती, आणि मला बघितल्यावर थांबली.

तिनेच मला मोबाइलवर फोटो दाखवला. “हा तो. ही आई. आनि हे त्याचे बाबा.”

खाटेवर बसल्या जागी माझ्या टाचा जुळल्या. टोपी नव्हती, मिशीत पांढरं आलं होतं, पण मान तीच.

“काय झाला रे दादा?”

“काय नाय. चांगला हाय फोटो.”

मी पेचात पडलो. बोलावं तर लग्न मोडलं म्हणून समजा. आमच्या वडिलांच्या मनात एकदा खडा पडला की ते तो विषय पुन्हा काढू देत नाहीत. आणि गप्प बसावं तर माझ्या डोळ्यांसमोर यायचं, बहिणीने भातात मीठ जास्त टाकलंय आणि तो माणूस मागून फिरतोय. पोरगा कसा का असेना, तिला राहायचं त्या घरात होतं. मी आईला म्हटलं, आधी मी एकटा जाऊन चौकशी करून येतो. तिला आनंदच झाला. भावाने चौकशी केलेली बरी दिसते.

निघताना तिने बजावलं, “पानी पी, चाय पी, जेव म्हनाले तर जेव. गोड खाऊ नको.”

ही आमच्याकडची रीत आहे. मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी गोड खाल्लं म्हणजे होकार झाला. तोंडाने काही बोलायची गरज नाही. म्हणून घर बघायला गेलेली माणसं खाताना फार जपून खातात आणि समोरचे ताटाकडे बघत राहतात. गोड खाऊन नंतर नाही म्हटलं तर मुलीच्या नावाने गावभर बोललं जातं, दुसरं स्थळ यायला वर्ष जातं.

सरळगावला गाडी बदलून किन्हवलीवरून शेणव्याला उतरलो. चौकशी करायचीही पद्धत असते. सरळ विचारायचं नाही. टपरीवर चहा सांगायचा, भात कसं पिकलं विचारायचं, मग सहज बोलता बोलता, ते फौजेतून आलेले कोण ते, असं. टपरीवाला म्हणाला, “मानूस लय चांगला. कोनाशी जास्त बोलत नाय.” यातल्या दुसऱ्या वाक्याने माझा संशय दुप्पट झाला.

त्याच्या घराकडच्या वाटेने चालू लागलो तर खळ्यावरून बाईचा आवाज आला. “अवो, तसा नाय. कितीदा सांगू? दाना बाहेर चाललाय सगला.” मी बांधाआड थांबलो. भाताची झोडणी चालली होती. बाई पेंढ्या देत होती आणि माझा उस्ताद, बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पेंढी फळीवर आपटत होता. काय आपटत होता. एक-दो, एक-दो, तालात, कवायतीत शिकवावं तसं, आणि निम्मे दाणे खळ्याच्या पलीकडे गवतात. बाईने त्याच्या हातातली पेंढी काढून घेतली आणि त्याला बाजूला उभा केला. तो उभा राहिला. हात मागे बांधून.

नाटक असेल, मी मनात म्हटलं. मला बघितलं असेल आधीच.

तेवढ्यात त्याची अख्खी मान, म्हणजे अख्खा तो, माझ्याकडे वळला.

“आलास,” तो म्हणाला. “मुलीचा भाऊ फौजेत म्हनले, तवाच मला वाटलेला.” मराठीत. आणि मराठी तरी कसली, आमचीच, भातशेतातली.

“तुमी मराठी?”

“मंग काय पंजाबी?”

“मंजे तवा तुमाला म्हायती होता मी कुठला ते?”

“पयल्याच दिवशी. तू तोंड उघडलास आनि मला कलला, हा आपल्याकडचा.”

मला संताप आला. इतके दिवस मी त्याला परका म्हणून निभावून नेलं होतं. परक्याने मारलं तर माणूस समजून घेतो, त्याला आपलं काय माहीत. याला सगळं माहीत होतं. त्याच्या घरून माझ्या घरी दुपारची गाडी पकडून जाता येतं आणि हा माझ्याकडून बंदूक डोक्यावर धरून घेत होता.

बाईला मी कोण ते कळल्यावर तिने मला सोडलंच नाही. घरात नेलं, पाट मांडला. नव्या तांदळाची भाकरी, वालाची भाजी, सुकट, आणि ताटाच्या कडेला गुळाचा खडा. मी खडा बघितला. तिने मी खडा बघितलेला बघितला. मी भाकरी खायला लागलो. उस्ताद मला मीठ द्यायला उठला आणि फडताळासमोर उभाच राहिला, कुठल्या डब्यात ते सापडेना. बाई हसली. “त्याना काय म्हायती? सुट्टीला यायाचे, पावन्यासारखे जायाचे.” तिने मीठ दिलं. तो माझ्या पाठीमागच्या खांबाला टेकून उभा राहिला.

मी भाकरी संपवली, भाजी संपवली, सुकट संपवली. गुळाला हात लावला नाही. आता पाणी पिऊन उठायचं, एवढंच बाकी होतं. आणि मागून आवाज आला. हळू, पण तोच.

“थाली साफ.”

गूळ माझ्या तोंडात होता. कधी गेला ते मला कळलं नाही. वळून बघितलं तर तोही तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता. बाईच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी. “झाला तोंड गोड,” ती म्हणाली आणि मोबाइल घेऊन बाहेर गेली, पोराला कळवायला.

मी थुंकलो नाही. थुंकता येत नाही. पण त्या क्षणी त्याच्या अंगावर धावून जायचंच मी बाकी ठेवलं होतं.

तो मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. मी नको म्हटलं तरी आला. बराच वेळ गाडी नव्हती.

“मी मुद्दाम नाय बोललो,” तो म्हणाला. “तोंडातून गेला.”

मी दोन पावलं बाजूला सरकलो.

“त्या रविवारी तू आयेला इचारलास, आवनी झाली का. त्या वर्षी आमच्याकडे आवनीला मानूस नव्हता. ही एकली वाकली होती शेतात. मला फोन करायची, मी उचलायचो नाय. काय सांगनार, सुट्टी नाय म्हनून? आनि तू तिथं मोठ्यानं इचारतोस, झाली का. माझा डोका फिरला. राग तुझ्यावर नव्हता. लागला तुला.”

“आनि नंतर? रोज?”

“रोज तू बोलायचास ना,” तो म्हणाला. “तुझा आवाज आयकला का घर आठवायचा.”

मी त्याच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिलो. माफी त्याने मागितली नाही, मी ते नीट लक्षात ठेवलं. आणि मागितली असती तरी मी काय समजलो असतो? पोराचं लग्न जुळत आलंय, मुलीचा भाऊ तोंड फुगवून बसलाय, तेव्हा माणूस काहीही बोलेल. खळ्यावर बायकोचं ऐकून घेणं, मीठ न सापडणं, ही आवणीची कहाणी, सगळं मला दाखवायलाच असेल. आणि मधोमध तो हुकूम. चुकून गेला म्हणे. ज्या माणसाच्या तोंडून वर्षानुवर्षं विनाकारण शब्द गेला नाही, त्याच्या तोंडून नेमका गूळ समोर असताना गेला? गाडी आली. मी मागे न बघता चढलो.

आईवडिलांना मी सांगितलं, घर ठीक आहे. बहिणीला मात्र मागच्या अंगणात बोलावून सगळं सांगितलं, रगड्यापासून गुळापर्यंत. ती भात वाळवत होती. तिचा हात थांबला.

“मंजे माझा होकार तू भीतीनं खाऊन आलास,” ती म्हणाली.

उरलेलं भात पसरून झाल्यावर म्हणाली, “घर बघायला मी पन येनार.” मुलगी स्वतः घर बघायला जात नाही. वडील कुरकुरले, आईने तोंड वाकडं केलं, पण ती हटून बसली आणि गेली.

आम्ही चौघं शेणव्याला पोचलो तेव्हा ओटी सारवलेली, सतरंजी अंथरलेली. मुलगा इस्त्रीच्या शर्टात एका कोपऱ्यात. माझ्या बहिणीने त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली, आणि मला दिसलं तिला तो किती आवडलाय ते. आज हे मोडलं तर ती मला काही बोलणार नव्हती. आणि आज हे जुळून पुढे वाईट झालं तरी बोलणार नव्हती.

चहा झाला. मग मुलाची आई गुळाची ताटली घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “दादानी तर मागंच तोंड गोड केलाय.”

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. “तू खाल्लास? आमाला न इचारता?”

हो म्हणावं तर सगळं ठरल्यात जमा. नाही म्हणावं तर ती माउली सगळ्यांसमोर खोटी पडते.

“ते धरू नका,” उस्ताद म्हणाले. ते दाराशी होते, पुढे आले. “यो माझ्या हाताखाली होता. मी याला लय रगडला. कारन नसताना रगडला. त्या दिवशी ताटात गूल होता, मी मागून हुकूम सोडला, याचा हात गेला. हुकमानं खाल्लेला गोड. त्याला होकार म्हनत नाय.”

त्यांच्या बायकोच्या हातातली ताटली तशीच राहिली. मुलगा बापाकडे असा बघत होता, जणू त्याने हा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. हे त्यांनी घरात सांगितलेलं नव्हतं, एवढं मला तिथल्या तिथे कळलं. हे बोलून त्यांच्या पदरात काय पडणार होतं, याचा मी विचार करत होतो. काही सापडेना.

वडिलांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. ते उठायच्या बेतात असले की आधी टोपी ठेवतात.

“बाबा, थांबा,” बहीण म्हणाली. मग ती उस्तादांकडे वळली. “मी या घरात चुकले तर मला काय कराल?”

उस्तादांनी विचार केला. “या घरात रोज चुकतो तो मीच,” ते म्हणाले. “हिला इचार.”

“रोज,” त्यांची बायको म्हणाली.

“पन मला राग येतो,” त्यांनी पुढे सांगितलं. “नोकरी गेली, राग नाय गेला. खोटा सांगत नाय. आला का मी खल्यावर जाऊन उभा राहतो.”

हे शेवटचं ते बोलले नसते तर मी बहिणीचा हात धरून तिला परत आणलं असतं. गोड गोड बोलणारा माणूस मला आजवर पटलेला नाही. पण मुलीचे आईबाप समोर बसलेत, पोराचं लग्न डोळ्यांदेखत मोडतंय, आणि हा माणूस म्हणतो, राग गेला नाही. असलं खोटं कोणी बोलत नाही.

बहिणीने हात लांब करून ताटलीतला गुळाचा खडा उचलला. तोडला. अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. आईने तोंडाला पदर लावला, वडिलांचा हात टोपीवर तसाच राहिला. उरलेला अर्धा तिने माझ्यासमोर ठेवला.

“दादा,” ती म्हणाली, “तुला वाटला तर खा. नाय वाटला तर ठेव.”

मी घाई केली नाही. ओटीवर सगळे माझ्या हाताकडे बघत होते. उस्ताद माझ्यासमोर उभे होते, ताठ, हात मागे, आणि एक शब्द बोलत नव्हते. मग मी मान वर केली आणि सरळ त्यांच्या डोळ्यात बघितलं. तसंच बघत गूळ उचलला आणि खाल्ला, सावकाश, पार विरघळेपर्यंत. आधी नजर त्यांनी खाली केली.